रूळ, तार आणि लिपी

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके परभणीतून वेगळे काढून १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. त्याच वर्षी विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती आली आणि एकाच टेलिफोन जोडणीवर घरातले दोन संगणक इंटरनेटला लावण्याची सोय तिच्यात होती. म्हणजे हा जिल्हा आणि सामान्य माणसाच्या आवाक्यातले घरगुती नेटवर्क हे जवळपास एकाच वयाचे. निव्वळ योगायोगावर इतिहास उभा राहत नाही, हे खरे. पण जोडणीचा याहून जुना अनुभव या भागाच्या गाठीशी आहे आणि घरातले दोन जुने संगणक जोडतानाही तो लागू पडतो. दोन टोकांमध्ये रूळ किंवा तार टाकणे हे त्यातले सोपे काम; घोडे अडते ते दोन टोकांची मापे वेगळी असल्यामुळे. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा निघाली की आपण जुन्या साधनांच्या नावाने बोटे मोडतो. पुरावा मात्र वेगळेच सांगतो. साधने जुनी होती म्हणून जितके अडले, त्याहून अधिक मापे जुळत नव्हती म्हणून अडले.

पहिला पुरावा रेल्वेचा. निजामाच्या रेल्वेने पूर्णा ते हिंगोली हा मीटर गेज मार्ग १९१२ मध्ये सुरू केला. स्वातंत्र्यानंतर तो वाशीम, अकोल्यावरून खांडव्यापर्यंत जोडला गेला आणि उत्तरेकडचे व दक्षिणेकडचे मीटर गेज एकमेकांना मिळाले. जयपूर ते काचीगुडा धावणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गावरून जाई. नकाशावर पाहिले तर हिंगोली देशाच्या मधोमध आणि उत्तम जोडलेली. प्रत्यक्षात अकोल्याला मुंबई-हावडा हा ब्रॉड गेज मार्ग भेटे आणि तिथे या जोडणीचा उपयोग संपे. एका रुळाची रुंदी १००० मिलिमीटर, दुसऱ्याची १६७६. डबा एका मार्गावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. माल उतरवायचा आणि पुन्हा भरायचा, प्रवाशांनी गाडी बदलायची. दूरच्या जयपूरला एका गाडीत बसून जाता येई, पण त्याहून कितीतरी जवळच्या मुंबईला जाताना वाटेत गाडी बदलावी लागे. पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉड गेज झाला तेव्हा ही अडचण सरली. त्याआधीची जवळपास शंभर वर्षे हिंगोलीला रेल्वे होती. नव्हते ते शेजारच्या मुख्य मार्गाशी जुळणारे माप.

संगणकांच्या बाबतीत हीच गोष्ट फार कमी वर्षांत आणि फार कमी खर्चात घडली. सुरुवातीला एका संगणकातली फाइल दुसऱ्यात न्यायची म्हणजे १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी हातात घेऊन उठायचे. अकोल्याच्या फलाटावरची चढउतारच ती. पुढे इथरनेटचे लॅन कार्ड स्वस्त झाले. १९९० मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीत साध्या पिळाच्या तारांवरून शंभर मीटरपर्यंत सेकंदाला १० मेगाबिट वेगाने माहिती जाऊ लागली. फ्लॉपीभर मजकूर अशा तारेवरून एक-दोन सेकंदांत पोचतो. ५६ किलोबिटच्या मोडेमवरून त्यालाच तीन मिनिटांहून अधिक वेळ लागे. दोनच संगणक असतील तर मध्ये हब हे जोडणीचे यंत्रही नको, क्रॉसओव्हर केबल पुरते. तिच्या एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल केलेली असते, म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानावर पडते. मग दोघांना पत्ते द्यायचे, एकाला १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२; दोन्हीकडे सबनेट २५५.२५५.२५५.० आणि वर्कग्रुपचे नाव एकच. हे पत्ते खासगी वापरासाठी १९९६ मध्ये जगभर राखून ठेवले गेले, त्यामुळे ते वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. या सगळ्यात तार हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी चुकणारा भाग. घरगुती नेटवर्क चालत नाही तेव्हा बहुधा एकाचा पत्ता दुसऱ्याच्या मालिकेत बसत नसतो, किंवा एक संगणक नेटबुई या जुन्या पद्धतीने हाक मारत असतो आणि दुसरा टीसीपी-आयपी या इंटरनेटच्या पद्धतीची वाट पाहत असतो.

यावर एक सरळ आक्षेप घेता येतो. हिंगोलीची अडचण अखेर जुने रूळ उखडून नवे टाकले तेव्हाच सुटली. मग नव्या साधनांनीच काम केले असे का म्हणू नये? रेल्वेपुरते हे खरे आहे, कारण रुळात मागच्या मापाला सांभाळून घेण्याची सोय सहसा नसते. अकोल्याच्या पुढे खांडव्यापर्यंतचे माप बदलणे मेळघाटच्या जंगलावरून झालेल्या वादात वर्षानुवर्षे रखडले. इथरनेटची घडण वेगळी आहे. नवे, शंभरपट वेगाचे कार्ड जुन्या १० मेगाबिटच्या कार्डाला जोडले तर दोघे आपसात वेग ठरवतात आणि नवे कार्ड जुन्याच्या चालीने चालते. भाषेचेही तसेच. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाने १९९२ पासून लिहिलेल्या सांबा या मुक्त आज्ञावलीमुळे लिनक्सचा संगणक विंडोजच्या संगणकाशी त्याच्याच रीतीने फाइलींची देवघेव करू लागला. दोन्ही ठिकाणी यश आले ते मान्य झालेल्या मापामुळे आणि मागच्याला बरोबर नेणाऱ्या रचनेमुळे. यंत्राचे नवेपण त्यात दुय्यम होते.

मराठी माणसाला मात्र यानंतर आणखी एक गेज ओलांडावे लागले आणि ते इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला आले नाही. फाइल तारेवरून अक्षरशः सुखरूप पोचायची, पण उघडली की वाचता यायची नाही. श्रीलिपी, आकृती, सुरेख, कृतिदेव अशा फाँटांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. एका संगणकावर जुळवलेली लग्नपत्रिका तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन उघडे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सरकारी प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोड या जागतिक प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. म्हणजे माप तयार होते. यंत्रांनी ते अंगीकारले नव्हते. विंडोज २००० पासून व्यवस्थेत देवनागरीची सोय आली. पण विंडोज एक्सपीतही ती सीडीवरून वेगळी चढवावी लागे आणि विंडोज ९८ मध्ये ती नव्हतीच. म्हणून आजही ९८ आणि एक्सपीचे दोन संगणक तारेने जोडले तर मराठी नावाची फाइल एकीकडे नीट दिसते आणि दुसरीकडे तिच्या नावाच्या जागी चौकटी किंवा प्रश्नचिन्हे येतात. केबलमध्ये दोष शोधणाऱ्याला तो सापडत नाही, कारण तो तिथे नसतोच.

आता हा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारील. फोनवरून फाइल क्षणात जाते. शिवाय जुने संगणक जोडणे धोक्याचे. धोक्याचा मुद्दा खरा आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला तो विंडोजमधल्या फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतल्या भोकातूनच. पण यातून निघतो तो निष्कर्ष एवढाच की असे संगणक इंटरनेटला लावू नयेत. थेट केबलला दोनच टोके असतात. बाहेरचा कोणी तिच्यातून आत येऊ शकत नाही. फोनचा मुद्दा मात्र इतिहासापुढे टिकत नाही. फोनवरून जाते ती नव्या मापातली फाइल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एखाद्या जुन्या फाँटात जुळवलेले पान फोनवर गेले तरी वाचता येत नाही. ते नीट उघडेल अशा जागा थोड्याच उरल्या आहेत आणि त्यांतली खात्रीची म्हणजे ज्या यंत्रावर ते जुळवले गेले तेच यंत्र.

हिंगोलीसाठी ही गोष्ट किरकोळ नाही. २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार लोकसंख्येच्या, बहुतांशी ग्रामीण अशा या जिल्ह्याची पहिली दहा-बारा वर्षे नेमकी या फाँटांच्या काळात गेली. त्या वर्षांतल्या स्मरणिका, जाहीरनामे, साप्ताहिके, शाळांचे अहवाल आणि पतसंस्थांची पत्रके यांच्या मूळ प्रती जिथे शिल्लक असतील, तिथे त्या डीटीपी केंद्रांच्या आणि घरांच्या जुन्या हार्ड डिस्कवरच असणार. जिल्हा होण्याआधीचा इतिहास निजामाच्या आणि परभणीच्या दप्तरांत शोधता येतो. जिल्हा झाल्यानंतरचा दैनंदिन इतिहास मात्र बराचसा या डिस्कवर आहे, आणि हार्ड डिस्क कागदाइतकी टिकत नाही. तेव्हा कोपऱ्यात पडलेला जुना संगणक अजून सुरू होत असेल, तर भंगारात देण्याआधी तो एका केबलने दुसऱ्याला जोडा, फाइली आणि त्यांचे फाँट दोन्ही काढून घ्या आणि मजकूर युनिकोडमध्ये करून ठेवा. फाइल घेतली आणि फाँट मागे राहिला, तर हाती काहीच लागणार नाही.