हंसपद ते ‘इन्सर्ट’

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी हस्तलिखिते जमविली. जुन्या पोथ्यांत गळलेला शब्द हंसपदाची खूण करून समासात लिहीत. भर उघड दिसे. पुढचा नकलकार मात्र समासातला मजकूर ओळीत घेई आणि खूण नाहीशी होई. प्रक्षेप असेही मुरत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत नवी ओवी घालू नये, असे बजावले, ते यासाठीच. तरीही भिन्न प्रती ताडून संशोधकाला भर ओळखता येते. संगणकावर ‘इन्सर्ट’ केलेला मजकूर तत्क्षणी ओळीत मिसळतो. बदल नोंदविण्याची सोय असते. पण ती चालू ठेवली तरच. जुने मसुदे पुसले, तर उद्याच्या संशोधकाने ताडावे काय?