डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट
* खिडक्या, मेन्यू, पट्टी आणि फाइल-व्यवस्थापक यांच्या जुळलेल्या संचास हे नाव असून, तो ज्यात समाविष्ट होऊ शकतो त्या, लिनक्सच्या गाभ्याभोवती निवडक सॉफ्टवेअर रचून तयार केलेल्या प्रणालीस ‘वितरण’ म्हणतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘बॉस’ हे डेबियन या वितरणावर बेतलेले असेच एक वितरण होय. २०११ मध्ये ग्नोम या डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटने आपली जुनी मांडणी मोडल्यावर तिच्यातूनच ‘माते’ हा संच निघाला व २०१५ च्या डेबियन ८ मध्ये समाविष्ट झाला. अशा समावेशासाठी प्रत्येक घटकाचे पॅकेज, त्यांची परस्परावलंबने आणि लॉग-इन पडद्यावरील यादीत नाव उमटावे म्हणून ‘एक्ससेशन्स’ फोल्डरात ठेवलेली काही ओळींची फाइल, एवढे पुरते. खरे ओझे मात्र देखभालीचे, कारण वाली न उरलेले पॅकेज पुढील आवृत्तीतून वगळले जाऊ शकते.