दरड कोसळते, तेव्हा

२२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतील विशेष गाडी वैभववाडीजवळ दरडीवर आदळून घसरली. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वर्ष पुरते उलटले नव्हते, तोच १६ जून २००४ रोजी मत्स्यगंधा एक्सप्रेस करंजाडीजवळ रुळांवरील दगडांमुळे घसरली. तिचे डबे पुलावरून खाली गेले.

दोन्ही वेळी कारण एकाच वाक्यात सांगितले गेले : दरड कोसळली. मराठीत हे क्रियापद अकर्मक आहे. दरडच कर्ता, मग माणसाकडे बोट दाखवायचे कशाला? इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र निमित्त आणि कारण यांत भेद केला पाहिजे. पाऊस हे निमित्त होते. कारण त्याआधीच घडू लागले होते.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. ९१ बोगदे, शेकडो पूल आणि डोंगर उभे कापून काढलेले खोल मार्ग. युगानुयुगे स्थिरावलेल्या उताराचा पायथा कापला की त्याचा आधार जातो. भेगांतून पाणी मुरते, मातीचे वजन वाढते, दगडांवरची पकड सुटते. कोकणातला पाऊस काही अनपेक्षित पाहुणा नव्हे.

म्हणून बांधणाऱ्यांना खलनायक ठरवावे, असे आम्हांस वाटत नाही. ही रेल्वे कोकणाच्या कित्येक पिढ्यांची मागणी होती; मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस आणि ई. श्रीधरन यांचे ऋण नाकारता येणार नाही. पण कापलेला डोंगर निसर्ग राहत नाही. रूळ आणि पूल यांच्याप्रमाणे तोही रेल्वेचाच भाग होतो, आणि त्याची देखभाल हे तिचे कर्तव्य ठरते.

या दुर्घटनांनंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे, पावसाळी गस्त या कामांना वेग आला. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आहे; मुसळधार पावसात ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. गाडी रेंगाळली की आपण सारेच कुरकुरतो. हा उशीर म्हणजे ढिलाई नव्हे. वैभववाडी आणि करंजाडी येथे गेलेल्या जिवांनंतर रेल्वेने पत्करलेली ती जबाबदारी आहे.