पेटीतले कागद आणि आजीच्या पाटल्या

आजीच्या बोलण्यात सन-साल कधी येत नसे. 'जमिनी गेल्या तेव्हा', 'मोरारजींनी सोनं बाटवलं तेव्हा', 'कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या पावसात' ही तिची कालगणना. तिच्या साऱ्या खुणा घरात काय होतं, काय गेलं आणि कुणाच्या हाती काय उरलं याच्याच होत्या, हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

घर राजापूर तालुक्यातलं. पुढं ओटी, मग माजघर, मागं पडवी आणि पडवी उतरलं की आगर. माजघरात आजोबांची पेटी असे. शिसवी, असं सगळे म्हणत. मला वाटतं फणसाचीच असावी, आमच्याकडं शिसव कुठला! आत खरेदीखतं, गहाणखतं, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि तळाशी मोडी कागदांची चळत. मोडी वाचणारे आमच्या घरात आजोबाच शेवटचे. "मुलांसाठी ठेवलंय सगळं," म्हणत. मुलं म्हणजे मुलगे, हे वेगळं सांगावं लागत नसे.

मृत्युपत्र मात्र त्यांनी केलं नाही. राजापूरचे एक वकील आंब्याच्या दिवसांत येत. कुळथाची पिठी नि भात ओरपताना त्यांनी म्हणे चार वेळा समजावलं, की साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की पुरे. आजोबांचं एकच, "तसला कागद केला की यमाला पत्ता कळतो."

यमापेक्षा त्यांना धास्ती होती ती 'मरणाच्या कराची'. माणूस गेल्यावर त्याच्या इस्टेटीवर बसणारा हा कर १९५३ साली आला. बातमी आणली गिरगावात राहणाऱ्या धाकट्या काकांनी. पुढं पुढं तर बड्या इस्टेटींवर त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. आमचा जीव तो केवढा! पण आजोबा रात्री उठून पेटीचं कुलूप चाचपून बघत, असं आजी सांगे. तो कर १९८५ साली उठला. तोवर आमच्या घरातल्या कुणी मरून सरकारचा एक पैसाही देणं केलं नव्हतं.

घाव आला तो भलतीकडून. १९४९ च्या कायद्यानं खोती उठली होती, तेव्हाच खरं तर वारं कळायला हवं होतं. त्याच्याही आधी, १९३७ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं होतं आणि अलिबागकडं चरीच्या कुळांनी वर्षानुवर्षं नांगर खाली ठेवला होता. आमच्या ओटीवर या गोष्टी 'कुलाब्याकडच्या भानगडी' म्हणून सुपारीबरोबर कातरल्या जात. मग १ एप्रिल १९५७ उजाडला. जो जमीन कसतो तो तिचा मालक मानला गेला. किंमत त्यानं हप्त्यानं द्यायची. खाडीकडच्या मळ्या गेल्या, वरची भातखाचरं गेली. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात. थोरल्या काकू मात्र म्हणत, जेवले, आणि ताकही दोनदा मागून घेतलं.

लहानपणी मी 'जमिनी गेल्या' एवढंच ऐकलं. खालच्या वाडीत आमच्या कुळाचे नातू राहतात. त्यांच्या पडवीत एकदा चहा पीत बसलो असताना त्यांच्या म्हातारीनं तेच वर्ष सांगितलं, 'जमीन आली तेव्हा' असं. सासऱ्यानं हप्ते कसे फेडले, बैल कसा विकला, सगळं. घाम त्यांच्या तीन पिढ्यांचा, तेव्हा खरा वारसा कुणाचा होता यावर मला वाद घालवत नाही. मात्र त्यांच्या सातबाऱ्यावरही लेकींची नावं नव्हती. एवढ्या एका बाबतीत ओटी आणि पडवी एक होत्या.

आजीची व्यवस्था निराळी. तिच्या पाटल्या, गोठ आणि एक पुतळ्यांची माळ तांदळाच्या कणगीत असे. चीनची लढाई झाली, त्यापाठोपाठ १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आलं आणि नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली. किती सोनारांच्या भट्ट्या विझल्या! आमचा सोनार मुंबईला गिरणीत गेला. आजीनं तेव्हा एक गोठ लढाईच्या निधीला दिला म्हणतात. कुणी सांगतं, दिला नाही, नुसता दाखवला. बाकीचं तिनं जितेपणीच वाटलं. आत्याच्या बाळंतपणात एक पाटली, विधवा होऊन माहेरी आलेल्या चुलतबहिणीला दुसरी, थोरल्या सुनेला माळ. कागद नाही, साक्षीदार नाही. १९५६ च्या कायद्यानं हिंदू बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक केलं. आजीला तो कुणी वाचून दाखवला नव्हता, पण ती तशीच वागत आलेली. त्या पाटलीवर चुलतबहिणीचा मुलगा शिकला. पेटीतल्या कुठल्या कागदानं आमच्यातलं कुणी शिकलं, हे मला आठवत नाही.

आजोबा भूकंपाच्या पुढच्या पावसात गेले. त्याच १९५६ च्या कायद्यानं बापाच्या हिश्शात लेकीचाही वाटा होता. वैशाखात आत्याला बोलावणं धाडलं. सांदणं झाली, नारळाच्या रसासंगं. दुसऱ्या दिवशी एसटीनं राजापूर, दुय्यम निबंधकाची कचेरी, हक्कसोडपत्रावर सही आणि परतल्यावर एक इरकली लुगडं. आत्यानं काही विचारलं नाही. माहेरची भाऊबीज तुटू नये, एवढाच तिचा हिशोब.

आता सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की तलाठ्याला पानं पुरत नाहीत, आणि घराचे वासे वाळवीनं खाल्ले तरी दुरुस्तीला सगळ्यांची संमती जमत नाही. त्यात गेल्या वर्षी चुलतभावाच्या लेकीनं हक्कसोड करायला साफ नकार दिला. २००५ च्या दुरुस्तीनं आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तिला जन्मानंच हक्क आहे. तिनं पुण्याहून वकिलाची नोटीस धाडली. घरात हाहाकार! "असली मुलगी आपल्यात नव्हती," वगैरे.

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. तिचा कागद काही उलटत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या वाटण्या नि व्यवहारांना नव्या कायद्यानं हात लावलेला नाही. मी तिला हे सगळं फोनवर सांगितलं, जरा भीतभीतच. तिनं नीट ऐकून घेतलं.

"नोटीस धाडायला खर्च किती येतो रे?" तिनं विचारलं. मी अंदाजानं आकडा सांगितला.

"पोरीला म्हणावं, निम्मे माझ्याकडून घे."