बालनक्षत्र आणि आठवा दिवस

‘नक्खत्त’ हा पाली शब्द मूळचा तारकावाचक. नक्षत्रयोग पाहून उत्सव घोषित होत असल्याने त्यास ‘उत्सव’ असाही अर्थ प्राप्त झाला. परंपरेने बुद्धघोषांच्या नावे असलेल्या धम्मपदट्ठकथेत, अप्पमादवग्गाच्या विवरणात, ‘बालनक्खत्त’ नावाच्या उत्सवाची हकीकत आली आहे. येथे ‘बाल’ म्हणजे लहान मूल नव्हे, तर अज्ञ, मूढ मनुष्य. अर्थात हा मूर्खांचा उत्सव होय.

श्रावस्तीत हा उत्सव घोषित झाला की लोक अंगास राख व शेण फासून सात दिवस असभ्य बोलत हिंडत. आप्त असो वा प्रव्रजित, कोणाचीही त्यांना लाज नसे. ते दारोदार उभे राहून अभद्र बोलत. ते ऐकवेनासे झालेले गृहस्थ आपापल्या ऐपतीप्रमाणे अर्धा पाद, पाद किंवा कहापण देऊन त्यांना वाटेस लावीत. आर्यश्रावकांनी भगवंतांना निरोप पाठविला की, सात दिवस नगरात न येता विहारातच राहावे. भोजन विहारात पोहोचविण्यात आले आणि उपासकही घराबाहेर पडले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी बुद्धप्रमुख संघास महादान दिले व झालेला प्रकार कथन केला. त्यावर भगवंतांनी प्रमाद आणि अप्रमाद यांतील भेद सांगणाऱ्या गाथा उच्चारल्या.

पाश्चात्त्य साहित्याच्या अभ्यासकास ही कथा परिचित वाटेल. मध्ययुगीन युरोपात, विशेषतः फ्रान्समधील चर्चमध्ये, वर्षारंभाच्या सुमारास मूर्खांचाच उत्सव भरे. त्यात कनिष्ठ धर्मसेवक वरिष्ठांची नक्कल करून विधींची विटंबना करतात, असा त्याच्या विरोधकांचा आक्षेप होता. बाझेलच्या धर्मसभेने इ. स. १४३५ मध्ये त्याचा निषेध केला. रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिन यांनी राबलेवरील आपल्या ग्रंथात (१९६५) अशा उत्सवांचा नवा अर्थ लावला. त्यांच्या मते उत्सवकाळात उच्चनीच भेद स्थगित होतात. खाणारे, प्रसवणारे, मलमूत्र विसर्जणारे ओबडधोबड शरीर पुढे येते आणि सत्तेच्या गांभीर्याला हास्य उत्तर देते.

या मताचे महत्त्व आम्हांस मान्य आहे. तथापि, आठव्या दिवशी काय होते, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. श्रावस्तीत दारापुढे ओरडणाऱ्याने नाणे घेतले आणि तो पुढे गेला. नाणे देणारा धनिक धनिकच राहिला, घेणारा याचक याचकच राहिला. सात दिवसांचा हा उलटफेर आठव्या दिवशी पूर्ववत झाला. ज्या समाजात वर्षभराचा अपमान हा नियम असतो, तेथे आठवडाभराची मोकळीक त्या नियमास बळच देते.

मग बुद्धधम्म हास्याच्या विरोधी आहे काय? वरवर पाहता तसे वाटणे शक्य आहे. संयुत्तनिकायात तालपुट नावाचा नटांचा प्रमुख विचारतो की, प्रेक्षकांना हसविणारा नट मरणोत्तर प्रहासदेवांच्या सहवासात जातो, हे खरे काय? भगवंत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा ते सांगतात की, आधीच राग, द्वेष व मोह यांनी बद्ध असलेल्यांची बंधने असा नट अधिकच वाढवितो; म्हणून देवलोकाची ही समजूत मिथ्या आहे. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखातही ‘समाज’ नावाच्या मेळाव्यांत पुष्कळ दोष सांगितले आहेत. परंतु काही समाज चांगले आहेत, असेही तोच लेख लगेच नोंदवितो. विरोध हास्यास नव्हे, तर ज्या हास्याने डोळे मिटतात त्यास आहे.

डोळे उघडणारा विनोद पाहावयाचा असेल, तर मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्त वाचावे. सोळा वर्षांचा अस्सलायन त्याच श्रावस्तीत भगवंतांसमोर ब्राह्मणांचा दावा मांडतो: आम्हीच श्रेष्ठ वर्ण, ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मलेले. भगवंत शांतपणे विचारतात की, ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भवती होतात, प्रसूत होतात, मुलांना दूध पाजतात, हे लोकांना दिसत नाही काय? योनीतून जन्मलेल्यांनी मुखातून जन्मल्याचे सांगावे, ही विसंगती कोणासही हसू आणील. बाख्तिन ज्या देहाबद्दल लिहितात, तोच हा देह. मात्र येथे तो शेण फासून रस्त्यावर येत नाही. तो युक्तिवादाचा पुरावा म्हणून येतो. त्यात स्त्रीदेहाची निंदा नाही. जन्माचा जो मार्ग सर्वांस समान आहे, तो लपविणाऱ्या अहंकाराची फजिती आहे.

आणि उलटफेर? तोही धम्मात आहे, परंतु सात दिवसांचा नव्हे. चुल्लवग्गात अनुप्रिया येथील प्रसंग आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद इत्यादी शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्यासोबत होता. कुमारांनी विनंती केली की, आम्ही शाक्य अभिमानी आहोत. उपालीस प्रथम प्रव्रजित करावे, म्हणजे आम्हांस त्याला वंदन करावे लागेल व आमचा मान गळून पडेल. भगवंतांनी तसेच केले. संघात ज्येष्ठत्व दीक्षेच्या क्रमाने ठरते. म्हणून ते वंदन एका दिवसापुरते उरले नाही. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन झाले, ते याच उपालीच्या मुखातून.

उत्सवात न्हाव्यास राजा करणे सोपे आहे, कारण उद्या त्याला पुन्हा वस्तरा हाती घ्यावयाचा असतो. राजपुत्रांनी त्यास आयुष्यभर वंदन करावे, ही व्यवस्था निर्माण करणे कठीण. अप्रमाद म्हणजे केवळ उत्सवापासून दूर राहणे नव्हे. आठव्या दिवशी, नवव्या दिवशी आणि त्यानंतरही समता टिकते किंवा नाही, याविषयी जागृत राहणे म्हणजे अप्रमाद, असे आम्हांस वाटते.