एक राउटर, अनेक सोंगं

पाहुणे आले की चहा-पाणी नंतर, आधी प्रश्न येतो, "वायफायचा पासवर्ड काय रे?" मी बिनधास्त सांगतो, कारण पाहुण्यांचं नेटवर्क मी वेगळं ठेवलंय. राउटर मात्र एकच! ही सोय घराघरात आली कशी, त्याची गोष्ट मजेशीर आहे.

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा, दोन शिंगांचा राउटर काढला. २००३ मध्ये काही खटपट्या मंडळींच्या लक्षात आलं, की अरेच्चा, आत तर लिनक्स चालतंय! लिनक्सचा परवाना जीपीएल. म्हणजे वापरा, विका, पण सोर्स कोड द्या. बरीच ओरड झाली आणि त्याच वर्षी कंपनीला कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी आलं, २००५ मध्ये डीडी-डब्ल्यूआरटी. कंपनीने पुढे लिनक्स काढून मेमरी निम्मी केली, तेव्हा लिनक्सवाल्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळं मॉडेल आणावं लागलं!

तेव्हाची अडचण अशी. वेप हे कुलूप तकलादू आहे हे २००१ मध्येच सिद्ध झालं होतं. पण २००४ च्या निन्टेन्डो डीएससारख्या उपकरणांना फक्त वेपच कळायचं. म्हणजे एका खेळण्यासाठी अख्ख्या घराचं दार किलकिलं ठेवायचं? २००८ च्या डीडी-डब्ल्यूआरटी व्ही२४ मध्ये यावर तोड मिळाली: व्हर्च्युअल इंटरफेस. रेडिओ एकच, पण बहुरूप्यासारखी त्याची सोंगं अनेक. प्रत्येक सोंगाचं नाव वेगळं, कुलूप वेगळं. मात्र चॅनेल एकच आणि हवेतला वेळही वाटून घ्यायचा. प्रत्येक नेटवर्क सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' असं ओरडतं, म्हणून उगाच सात-आठ नावं करू नयेत.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मोठ्ठी चूक केली. नाव नवं दिलं, पण दोन्ही नेटवर्कं आतून एकाच ब्रिजला जोडलेली. पाहुण्याच्या लॅपटॉपवर माझं शेअर केलेलं फोल्डर दिसायला लागलं, घरच्या कागदपत्रांसकट! नुसतं नाव वेगळं असून भागत नाही. घरच्यांना १९२.१६८.१.x, पाहुण्यांना १९२.१६८.२.x आणि मध्ये फायरवॉलची भिंत, असं हवं.

आणि तरीही एक गोष्ट उरतेच. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरच्या वायफायवरून गेला होता. ज्याचं कनेक्शन त्याच्या दारात पोलीस गेले. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत फिरू लागले. आतून कितीही नेटवर्कं करा, बाहेर जाताना सगळ्यांचा पत्ता एकच असतो, तुमचा. वेगळं नेटवर्क तुमच्या फायली वाचवतं, तुमचं नाव नाही.

असो. म्हणून माझ्याकडे पाहुण्यांच्या नेटवर्कलाही चांगला पासवर्ड आहे, आणि पाहुणे गेले की मी तो बदलतो. बायको म्हणते, अति करतोस. करतो बुवा!