मेसिनाची तर : हत्ती, यात्रेकरू आणि दप्तर

सिसिली बेट व इटलीचा दक्षिण किनारा यांमधील मेसिनाची सामुद्रधुनी तिच्या सर्वांत अरुंद ठिकाणीं जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे. एवढेंसें पाणी ओलांडण्याची गोष्ट ग्रंथकारांनीं पुनःपुन्हां नोंदून ठेवावी याचें कारण त्या पाण्याच्या स्वभावांत आहे. उत्तरेकडील तिऱ्हेनियन व दक्षिणेकडील आयोनियन या दोन समुद्रांच्या भरती-ओहोटीच्या वेळा जुळत नाहींत. एकीकडे भरती असतां दुसरीकडे ओहोटी असते, व सुमारें दर सहा तासांनीं मधला प्रवाह उलटतो. होमराच्या सिला व कॅरिब्डिस या राक्षसिणी ग्रीकांनीं याच जागीं बसविल्या. थ्युसिडिडीसानें मात्र इ. स. पू. ५ व्या शतकांतच, दोन मोठे समुद्र अरुंद जागेंत येऊन पडतात म्हणून ही जागा धोक्याची, असें साधें कारण दिलें आहे.

या तरीचा पहिला चमत्कारिक उल्लेख हत्तींविषयीं आहे. इ. स. पू. २५० च्या सुमारास पॅनॉर्मस, म्हणजे हल्लींचें पालेर्मो, येथें रोमन सेनापति मेटेलस यानें कार्थेजच्या सैन्याचा पराभव केला व त्यांचे हत्ती धरले. ते रोमला न्यावयाचे तर सामुद्रधुनी उतरणें प्राप्त होतें, आणि हत्ती वाहतील अशीं गलबतें त्याच्यापाशीं नव्हतीं. हत्ती किती होते याविषयीं एकवाक्यता मुळींच नाहीं. प्लिनी १४२ सांगून कांहींच्या मतें १४० म्हणतो. लिव्हीच्या ग्रंथाच्या सारांशांत १२०, युट्रोपियसांत १३०, तर डायोडोरसांत अवघे ६०. असे आंकडे नकलेगणिक कसे फुगतात व आटतात हें जुन्या कागदांशीं परिचय असलेल्या वाचकांस सांगावयास नको.

परंतु उपायाविषयीं मतभेद नाहीं. मातीचे मोठे रांजण ओळीनें बांधून त्यांवर फळ्या जडविल्या व त्या तराफ्यावरून हत्ती उतरविले, असें फ्रॉन्टिनस व प्लिनी या दोघांच्याहि लिहिण्यावरून निघतें. आपल्याकडे नदी उतरण्यास घड्यांची किंवा भोपळ्यांची सांगड करितात, तीच ही युक्ति मोठ्या मानावर झाली. इ. स. च्या १२ व्या शतकांतील बायझंटाईन ग्रंथकार झोनारस यांत आणखी भर घालतो : फळ्यांवर माती व झुडपें पसरून भोंवतीं कुंपण केलें, म्हणून हत्तींस आपण पाण्यावर आहों हें कळलेंच नाहीं. झोनारसानें डिओ कॅसियसाचा जुना ग्रंथ वापरला होता हें खरें. तरीहि हा तपशील मला जपून घ्यावासा वाटतो. हॅनिबलानें इ. स. पू. २१८ मध्यें र्‍होन नदी उतरतांना तराफ्यांवर माती पसरली होती असें पॉलिबियस सांगतो. एका प्रसिद्ध प्रसंगाचा तपशील दुसऱ्यास चिकटणें ही बखरींतील नेहमींची गोष्ट आहे. उलट, माती पसरणें ही हत्तीवाल्यांची रूढ रीतहि असूं शकेल. दोन्ही पक्ष संभवतात.

याच पॉलिबियसानें दहा हत्ती त्यांच्या ‘इंडियन’ माहुतांसह हातीं आले असें लिहिलें आहे. यावरून भारतीय माहूत सिसिलींत होते असें एकदम ठरवूं नये. कार्थेजचे हत्ती आफ्रिकेचे होते, व ग्रीक भाषेंत तो शब्द त्या काळीं केवळ ‘माहूत’ या अर्थानेंहि रूढ झालेला असावा.

दुसरा उल्लेख याहून मोलाचा, कारण तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा आहे. ग्रानाडाचा इब्न जुबैर मक्केची यात्रा करून परततांना इ. स. ११८४ च्या आक्टोबरांत आक्रा येथें जिनोव्हाच्या एका गलबतावर चढला. गलबतावर जेरुसलेमहून परतणारे ख्रिस्ती यात्रेकरू दोन हजारांवर होते असें तो म्हणतो. डिसेंबरच्या पूर्वार्धांत, म्हणजे हिजरी ५८० च्या रमजानांत, मध्यरात्रीं मेसिनाजवळ तें गलबत किनाऱ्यास लागून फुटलें. दिवस उजाडल्यावर शहरांतून होड्या आल्या. पण होडीवाल्यांनीं माणसें उतरविण्याचें भाडें इतकें भारी मागितलें कीं गरीब मुसलमान उतारू फुटक्या गलबतावरच तटकळत राहिले. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा विल्यम हा त्या वेळीं मेसिनांत होता. तो तमाशा पाहण्यास स्वतः आला, विचारपूस केली, आणि आपल्या नाण्यांपैकीं १०० रुबाई देवविल्या. त्यावर ते लोक सुटले. रुबाई म्हणजे पाव दिनार, अर्थात् नांवानें २५ दिनार. राजाच्या आज्ञेनें भाडें माफ झालें नाहीं, राजानें तें भरलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. विल्यमचा पणजा पहिला रॉजर यानें हीच सामुद्रधुनी १०६१ मध्यें उतरून मेसिना घेतलें होतें. सव्वाशें वर्षांनंतरहि होडीवाले आपला दर राजाकडून वसूल करूं शकत होते.

इब्न जुबैराचें हें प्रवासवर्णन हातीं आलें तें लायडन येथील एका पोथीमुळें. ती हिजरी ८७५ (इ. स. १४७०) मध्यें मक्केंत उतरलेली आहे. आमारी यानें १८४५-४६ मध्यें सिसिलीचा भाग छापला, राइट यानें १८५२ मध्यें संपूर्ण ग्रंथ काढला, व द खूये यानें १९०७ मध्यें तो पुन्हां शोधून प्रसिद्ध केला.

पुढील हकीकत थोडक्यांत पुरे. १८९९ मध्यें रेज्जो व मेसिना यांच्या दरम्यान आगगाडीचे डबेच वाहणाऱ्या आगबोटी सुरू झाल्या; पहिल्या दोघींस त्याच जुन्या राक्षसिणींचीं नांवें दिलीं होतीं. १९०५ पासून व्हिला सान जोव्हान्नीचा जवळचा मार्गहि चालूं झाला. गाडी तोडून डबे बोटीच्या पोटांत ढकलण्याची ही रीत अद्यापि चालू आहे.

आतां मेसिनाच्या दप्तराविषयीं. २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपानें शहर भुईसपाट झालें. तरीहि नगराच्या हक्कांचे व सवलतींचे कितीएक अस्सल चर्मलेख आज पाहावयास मिळतात. त्याचें कारण मोठें विलक्षण आहे. १६७४ ते ७८ या काळांत मेसिनानें स्पेनविरुद्ध बंड केलें. तें मोडल्यावर व्हाइसरॉयनें शिक्षा म्हणून १६७९ मध्यें नगराचें दप्तरच जप्त केलें. पुढें तें स्पेनांत मेदिनाचेली घराण्याच्या संग्रहांत पडलें, व विसाव्या शतकांत संशोधकांस पुन्हां आढळलें. नगराचा अपमान करण्यासाठीं समुद्रापार नेलेले कागद तेवढे वांचले. ज्यास ते पाहावयाचे असतील त्यानें मेसिनास न जातां तोलेदोची वाट धरावी.